उपवास नसलेलीचं रताळं

माझ्या सासरी रताळं सहज खाता येत नाही, ते मिळवावं लागतं. उपवास करा आणि रताळं मिळवा. सकाळी पोहे खाल्लेत? मग बसा पोळी-भाजी चिवडत. "उपवासाचं उपवासाच्या माणसालाच," हे वाक्य मी लग्न होऊन सिडकोतल्या या रो-हाउसमध्ये आले त्याच वर्षी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हा ते जे डोक्यात गेलं ते आजपर्यंत उतरलेलं नाही. राग निवल्यावर माणसं आठवणी लिहितात म्हणे. माझा निवलेला नाही आणि तो निवण्याची वाट बघायला मला सवडही नाही.

मी देवगाव रंगारीची. आमच्या वावरात विहिरीकडच्या पट्टीत दर साली रताळी असतात. महाशिवरात्रीच्या आधी ती काढायची, धुवायची, निवडायची आणि वेरूळच्या जत्रेत न्यायची. त्या दिवशी देवाला आलेला प्रत्येक माणूस रताळी शोधत असतो, त्यामुळे माल उरत नाही. पण घरी आम्ही रताळ्याला कधी वार विचारला नाही. सोमवार असो नाहीतर शनिवार, स्वयंपाक उरकला की चुलीतली लाकडं बाहेर ओढायची आणि मागे राहिलेल्या आरात रताळी पुरायची. साल काळी पडते, कुठून तरी चिकट रस बाहेर येऊन करपतो. तो करपल्याचा वास आला की काढायची वेळ झाली. मग या हातातून त्या हातात नाचवत सोलायची आणि लसणाच्या ठेच्याबरोबर खायची. गोड लागतंय तोवर तिखट लागतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढचं रताळं सोलायला घेतलेलं असतं. उरलेली आई सकाळी कांदा-मोहरी घालून तव्यावर परतायची आणि भाकरीवर टाकायची. कुणी म्हणायचं, मला दुधात कुस्करून दे. तसंही मिळायचं.

अशा घरातून मी या घरात आले. इथे उपवासाचं पातेलं वेगळं, विळी वेगळी, कालथाही वेगळा. पातेलं पितळी, कल्हई केलेलं, वरच्या फळीवर पालथं घातलेलं. त्याला सासूबाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. खोटं कशाला बोलू, त्यांच्या हाताला चव आहे, निदान वासावरून तरी तसं वाटतं. त्या रताळी वाफेवर अर्धीकच्ची शिजवतात, निवल्यावर त्यांच्या जाड चकत्या करतात आणि पातेल्यात तूप घालून दोन्ही बाजूंनी परततात. कडा तांबूस झाल्या की वरून चिरलेला गूळ, पाण्याचा हबका, झाकण. वेलची अगदी शेवटी, गॅस बंद करून. बघून बघून मला ते सगळं पाठ झालंय. त्यांच्याकडे बघण्याला बंदी नव्हती.

पहिल्या महाशिवरात्रीला मी त्या पातेल्यातली एक चकती उचलली होती. रताळी माझ्या घरची. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आदल्या दिवशी एसटीच्या टपावरून गोणी उतरवून, रिक्षात घालून आणून दिलेली. चकती माझ्या तोंडापर्यंत गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू सकाळी पोहे खाल्लेस ना?" आणि माझ्या बोटांमधून त्यांनी ती काढून घेतली. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. लहान पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी त्यांनी ती काढून घेतली, परत पातेल्यातही टाकली नाही, बाजूच्या वाटीत ठेवली आणि मोलकरणीला दिली. नवरा समोर बसून चकत्या खात होता. तो म्हणाला, "कर की गं एक दिवस उपवास, काय बिघडतं?"

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका साध्या मंगळवारी, सासूबाई भजनाला गेल्या असताना मी वरच्या फळीवरचं तेच पातेलं काढलं. मुद्दाम काढलं, चुकून नाही. गोणीत उरलेली रताळी चिरली, तेल तापवलं आणि अख्खा लसणाचा गड्डा ठेचून त्यात घातला. वास सगळ्या गल्लीत गेला असणार. सासूबाई फाटकातूनच नाक मुरडत आत आल्या. पुढचं काय सांगू. पातेल्यापेक्षा त्या जास्त तापल्या. पातेलं गॅसवरून उचललं, त्यातलं सगळं मोरीत ओतलं, मला एक घासही खाऊ दिला नाही. मग राखेने घासलं, चिंचेने घासलं, गच्चीवर उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. शहरात पाणी आठवड्यातून एकदा येतं, टँकरसाठी गल्लीत मारामाऱ्या होतात, आणि या बाईने एका पातेल्यावर बादल्याच्या बादल्या ओतल्या. उरलेली गोणी त्याच संध्याकाळी त्यांच्या पलंगाखाली गेली. पुढच्या साली आबांनी आणलेली गोणी सरळ तिथेच गेली, आणि तिथून नणंदेकडे, शेजारी, भजनी मंडळात वाटली गेली. "आमच्या व्याह्यांच्या शेतातली," असं त्या कौतुकाने सांगायच्या. ते कौतुक ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी मागितली असती तर दिली असती का? दिलीही असती एखादी. पण माझ्या बापाने उकरून काढलेली रताळी मी दुसऱ्याच्या पलंगाखालून मागून खाऊ? बाजारातून विकत आणायची म्हटली तर तीही आणली असती. आणली नाही. मला रताळं खायचं नव्हतं, मला माझ्या घरचं रताळं खायचं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढी आवड होती तर करायचा एक उपवास. एक महाशिवरात्र मी केलीही असती. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळपासून उपाशीपोटी आलेल्या माणसांचं रक्त काढते. चक्कर येणारी, चिडलेली, चहा कधी मिळेल म्हणून घड्याळ बघणारी माणसं. उपाशी माणूस किती वाईट वागतो हे मला चांगलं माहीत आहे, पण तरीही एक दिवस मी काढला असता. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. लग्नाला काही वर्षं झाली, मूल झालं नाही, आणि सासूबाईंनी माझ्या उपवासाचा संबंध माझ्या पोटाशी लावला. सोमवार कर, प्रदोष कर, शिवरात्र तरी धर, कूस उजवेल. ज्या दिवशी त्या असं म्हणाल्या त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या घरात मी जेवून जगेन, उपाशी राहून काही मागणार नाही.

यात आबांचीही भर होती, आणि तो राग मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. आमच्याकडे लेकीला लेकरू झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं खात नाही. काही जण आता पाळत नाहीत, आबा कडक पाळायचे. जेवण सोडा, पाणीही नाही. दर साली महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते यायचे, गोणी दारात ठेवायचे, हॉलमधल्या दाराजवळच्या खुर्चीवर टेकायचे. सासूबाई रीतीप्रमाणे विचारायच्या, "चहा?" आबा हात जोडायचे, "नको विहीणबाई, आमच्यात चालत नाय." मला वर मान करून बघवायचं नाही. सासूबाई माझ्या पोटासाठी मला उपाशी ठेवू बघत होत्या आणि बाप माझ्या पोटासाठी स्वतः तहानलेला बसत होता. दोन्हीकडून सगळे माझ्या पोटाकडेच बघत होते. उन्हातून आलेल्या माणसाला मी ग्लासभर पाणी देऊ शकत नव्हते, म्हणजे हे घर माझं झालेलंच नव्हतं, आणि हे मला दर साली माझा स्वतःचा बाप सांगून जात होता.

तासाभरात ते परतीच्या एसटीला जायचे. म्हणून रताळी कुणाच्या पानात पडतात हे त्यांना कधी दिसलं नाही. मग महाशिवरात्रीच्या संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "कसे निघाले गं रताळे?" मी म्हणायची, "लई गोड, आबा." बस्स, एवढंच. एवढ्या दोन शब्दांवर तो माणूस वर्षभर त्या पट्टीत खपायचा. गोणीत भरताना तो सरळ, सारखी, न तुटलेली रताळी वेगळी काढायचा, हे मला आईकडून कळायचं. लेकीच्या घरी जाणारी म्हणून. ती लेकीच्या तोंडात जात नाहीत हे त्याला कळू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी मी खोटं बोलत होते. सासूबाईंची लाज राखायला नाही. त्यांची काय लाज राखायची? आबांना कळलं असतं की आपण दर साली गोणी उचलून आणतो आणि आपली पोरगी सोडून सगळी गल्ली खाते, तर ते पुन्हा या दारात आले नसते. तेवढं वर्षातून एकदाचं येणंही मग गेलं असतं. माझी सगळी भीती एवढीच होती.

यंदाची महाशिवरात्र भांडणानेच उजाडली. मी डबा भरत होते. सासूबाई म्हणाल्या, "समोरच्यांच्या सुनेने सोळा सोमवार केले. बघ, पाळणा हलला."

मी म्हटलं, "तिने डॉक्टरही केला होता."

"देवाचं नाव घ्यायला जीभ जड होते तुझी."

"देवाला माझं काही म्हणणं नाही, तुम्हाला आहे," असं म्हणून मी दार आपटून निघाले. लॅब त्या दिवशी अर्धा दिवस होती. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना सकाळचंच भांडण डोक्यात चालू होतं. घरी जाऊन वाद घातला नाही तर डोकं फुटेल असं वाटत होतं, आणि घातला तर घर फुटेल. रात्रपाळी असल्यामुळे नवरा घरीच होता, त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "आज सणासुदीला तरी नको." हा माणूस वाळूजच्या कंपनीत शिफ्टवर शंभर जणांना कामाला लावतो, म्हणे. घरात त्याच्या तोंडाला कुलूप असतं.

दुपारी गल्लीत शिरले तेव्हा सासूबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. हातात पितळी पातेलं. गल्लीतली भटकी गाय आमच्या दारात होती, आणि सासूबाई पातेल्यातल्या चकत्या, गुळाच्या पाकासकट, कालथ्याने खरवडून तिच्यापुढे टाकत होत्या. सगळ्या. तळ दिसेपर्यंत. गाईने हुंगलं आणि मान फिरवली. मला वाटलं तिचं पोट भरलेलं असणार, त्या दिवशी प्रत्येक घराने तिच्यापुढे काही ना काही टाकलेलं असतं. सासूबाईंनी मला बघितलं आणि त्या पातेलं घेऊन आत गेल्या.

मी तिथेच उभी. आदल्या दिवशी आबांनी खांद्यावरून उतरवलेली गोणी. सकाळच्या माझ्या एका उत्तराचा सूड त्या रताळ्यांवर काढला होता, असं मला वाटलं, दुसरं काही मनातही आलं नाही. मला न देणं एक वेळ ठीक होतं, मी त्याला सरावले होते. पण आबांची रताळी रस्त्यावर? आत जाऊन मी त्यांना विचारायला हवं होतं, का टाकली म्हणून. मी विचारलं नाही. आम्ही दोघी त्या दिवशी एकमेकींशी बोलत नव्हतो, आणि अबोला पहिल्यांदा मोडायचा मान मी त्यांना देणार होते. मी आत गेले, पोळी करून घेतली, चटणी घेतली आणि खोलीचं दार लावून जेवले.

संध्याकाळी फोन वाजला. मागे जत्रेचा गोंगाट, भोंगे, कुणीतरी कुणाला हाका मारतंय. आबा वेरूळहूनच बोलत होते.

"पोरी, ऐक, ते रताळ्याचं..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. दुपारपासून जे साचलं होतं ते सगळं उलटं होऊन बाहेर आलं. "लई गोड निघाले आबा! यंदासारखे कधीच नव्हते. मी तर दोन जास्तीचे खाल्ले. सासूबाईंनी आग्रह करून करून वाढले."

पलीकडे फक्त भोंगा.

"तू खाल्ले?" आबांनी विचारलं.

"तर! आत्ताच उठले पानावरून."

"कडू हायेत गं ते," आबा म्हणाले. "आतून कीड लागली यंदा. वरून कायबी दिसलं नाय. हितं लोकांनी उकडले अन् परत आणून दिले, शिव्या दिल्या. समदा माल माघारी चाललाय. टाकून द्या म्हणून सांगायला फोन केला व्हता मी."

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"तुला दिले नाय का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दर सालीच देत नव्हते?"

मी नाही म्हणाले असते तर ते पहिल्या खोट्यापेक्षा वाईट दिसलं असतं, आणि हो म्हणणं मला जमलं नाही. "बरं," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसून राहिले. रडू येत नव्हतं, नुसता संताप होता. कुणाचा करू? कीड लागली म्हणून रताळ्यांचा? एरवी सगळं सहन करून नेमकं त्याच दिवशी मोठ्या तोंडाने खोटं बोलले म्हणून स्वतःचा? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, कडूच होती. मी एक चकती तोंडात घातली आणि थुंकली. आईने गाईला घातली आणि मला म्हणाली, व्याह्यांचं नाव खराब नको, कुणाला बोलू नकोस." त्याच्या मते हा आईचा चांगुलपणा. मी अजूनही मान्य करत नाही. एवढाच चांगुलपणा होता तर तो मला सांगायचा. मी दारातच उभी होते.

त्यानंतर आबांचा फोन आला नाही. आईला केला तर म्हणाली, "वावरात असतेत. त्या पट्टीतले वेल उपटून टाकलेत, पेटवून दिलेत." कीड लागली की ती जागा जाळावीच लागते हे मलाही माहीत होतं. तरी मला त्यात दुसरंच दिसलं. संपलं, आता ते येत नाहीत, असं मी धरून चालले. घरात वावरत होते, भांडी जरा जास्तच आपटत होते. सासूबाईही माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. घरात तिघं माणसं आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

मग एक दिवस दुपारी लॅबवरून येऊन मी स्वयंपाकघरात जेवायला बसले, तोच फाटक वाजलं. आबा. गोणी नव्हती. हातात फक्त कापडी पिशवी. सासूबाई म्हणाल्या, "या व्याही, बसा," आणि दाराजवळची खुर्ची पुढे केली. आबांनी खुर्चीकडे बघितलंच नाही. चपला काढल्या, हॉल ओलांडला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी ते स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एकदा वरच्या फळीपासून खालच्या डब्यांपर्यंत नजर फिरवली.

पिशवीतून त्यांनी दोन रताळी काढली. मी बघताक्षणी ओळखलं, ही आमची नव्हेत. आमची तांबडी असतात, ही पांढरट सालीची. स्टँडवर उतरून कुठल्यातरी हातगाडीवरून घेतलेली. जन्मभर रताळी पिकवलेल्या माणसाने रताळी विकत आणली होती.

"विहीणबाई," आबा म्हणाले, "आज कुणाला उपास हाय का?"

"नाही," सासूबाई दारात उभ्या होत्या. "आज कसला उपवास?"

"मग हे उकडा."

"सूनबाई करील की. तिचंच घर आहे."

"तुम्ही करा. तुमच्या हाताला चव हाय म्हणतेत."

मला वाटलं आता काहीतरी फुटणार. आबांचा आवाज चढला नव्हता, पण ते असं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग पुढे आल्या, रताळी उचलली, धुतली आणि रोजच्या कुकरमध्ये टाकली. वरच्या फळीकडे त्यांनी बघितलंही नाही. शिट्टी होईपर्यंत आम्ही तिघं त्या एवढ्याशा खोलीत बसलो. खरं तर बसलो आम्ही दोघं, त्या ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या.

त्यांना गप्प राहवलं नाही. "लेकीनं सांगितलं वाटतं तुम्हाला, आम्ही तिला खायला देत नाही म्हणून."

"नाय," आबा म्हणाले. "तिनं सांगितलं रताळे लई गोड व्हते."

सासूबाईंच्या हातातली सांडशी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, नजर खाली केली नाही. त्यांना ती रताळी किती कडू होती ते माहीत होतं, आणि मी काय बोलले असेन, किती वर्षं बोलले असेन, ते त्यांना त्याच वेळी कळलं. कळलं की नाही कोण जाणे, पण त्या ओट्याकडे वळल्या. गॅस बंद केला, वाफ सोडून कुकर उघडला, ताटलीत रताळी काढून माझ्यापुढे ठेवली.

आबांनी एक उचललं. भाजत होतं, तरी सोलत राहिले. त्यांच्या बोटांना भाजलेलं कळत नाही. सोलून झाल्यावर मधोमध मोडलं. एक तुकडा माझ्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या तोंडात घातला.

सासूबाई एकदम म्हणाल्या, "व्याही, तुम्ही आमच्याकडे पाणी पण घेत नाही."

"व्हय," आबा चावत म्हणाले. "नव्हतो घेत."

"मग? नातवाची आशा सोडली म्हणायची?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बाईला जे बोलायचं होतं ते तिने अखेर माझ्या बापाच्या तोंडावर बोलून दाखवलं. मी उठणार होते. आबांनी न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं.

"माझी लेक हितं जेवली का नाय तेच मला इतके दिवस ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "नातवाचं काय घिऊन बसलात?" मग माझ्याकडे वळून, "खा तू. गार होतंय."

मी खाल्लं. बाजारचं होतं, पिठूळ, फारसं गोडही नाही. मी घास गिळला आणि दुसरा घेतला. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मला खाताना बघितलं त्याला किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला, कारण ते सासूबाईंसमोर झालं.

"विहीणबाई," आबा म्हणाले, "जरा मीठ द्या."

मिठाची बरणी माझ्या मांडीजवळच होती, जेवायला बसताना मीच खाली घेतलेली. हात लांब केला असता तर मी ती देऊ शकले असते. मी हलले नाही. सासूबाईंनी बरणी कुठे आहे ते बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या, बरणी उचलली, झाकण काढलं आणि आबांच्या पुढे धरली. आबांनी चिमूटभर घेतलं, त्यातलं थोडं माझ्या तुकड्यावर टाकलं, आणि पाणी मागितलं.